उलटे किलोमीटर

मान मागे वळवून, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून ती मैदानाला अकरावी फेरी मारत होती. रिव्हर्समध्ये. गाडी घोंघावत होती. मैदानाचा वॉचमन पहिले दोन दिवस शिट्टी वाजवत मागे धावला होता. आता तो नुसता फेऱ्या मोजायचा.

"ताई, पुढचा गिअर पडत नाही का?"

"पडतो की."

"मग?"

"किलोमीटर वाचवतेय."

वॉचमनने मान डोलावली. शिकलेल्या माणसांना फार प्रश्न विचारू नयेत, असं त्याचं मत होतं.

गोष्ट साधी होती. बाबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी अठरा दिवस दवाखान्यात होते. स्ट्रेचरवरून आत जाताना माणूस घरच्यांना धीर देतो, देवाचं नाव घेतो. बाबा म्हणाले, "रोज पाच किलोमीटर चालव. बॅटरी उतरेल." तेव्हा मीटरवर ९,९९,९६१ होते. दहा लाखांना एकोणचाळीस कमी.

आयुष्यभर दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत बाबा हीच गाडी एकतीस वर्षं हाकत आले होते. इंजिन दोनदा उघडलं, दोन्ही वेळा स्वतः समोर बसून. बॉनेटवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला बेअरिंग कुरकुरतोय ते मेकॅनिकच्या आधी यांना कळे. काढलेलं ऑइल ते काट्यावर तोलत, म्हणजे मधल्या काळात गाडी किती प्यायली ते समजे. आई म्हणायची, "मला ताप आला तर गोळी, हिला आला तर रजा." आणि तरी लांबच्या प्रवासाला निघताना तीच सगळ्यात निर्धास्त असायची. एकतीस वर्षांत गाडीने त्यांना एकदाही वाटेत उतरवलं नव्हतं.

दहा लाख झाले की सहाच्या सहा आकडे एकदम शून्य होणार होते. त्या क्षणी बाबा गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणार आणि पाच मिनिटं कोणाशीही बोलणार नव्हते. हा कार्यक्रम घरात तीन वर्षं जाहीर होता.

तो क्षण त्यांच्याशिवाय उरकायचा कसा? चार दिवस ती आज्ञेप्रमाणे पाच-पाच किलोमीटर चालवत राहिली, प्रत्येक सरकता आकडा मोजत. पाचव्या दिवशी मैदानातून गाडी मागे घेताना तिला दिसलं, की या जुन्या मीटरचे आकडे उलटेही फिरतात. त्या दिवसापासून चार दिवसांत तिने सगळं मागे आणलं. मग एक दिवस पुढे, एक दिवस मागे. मान आखडली, पण मीटर जागच्या जागी राहिला.

बाबा अँब्युलन्समधून घरी आले. वॉकर टेकत आधी दाराकडे नाही, गाडीकडे गेले आणि काचेतून वाकून पाहिलं.

"एकसष्ट."

"हो."

"चालवलीच नाहीस." आवाज चढला नव्हता, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. "एवढं एकच सांगितलं होतं."

तेव्हा तिने सांगितलं. जरा ऐटीतच. मैदान, रिव्हर्स, मान, सगळं.

बाबांनी बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली, रोजचे पाच धरून. आठव्या बोटावर, चाळीसला थांबले.

"मागे गेली तरी चाकं फिरलीच ना गं. काटा मागे ढकलला म्हणून पोत्यातलं धान्य कमी होतं का?"

तिचा चेहरा उतरला. म्हणजे आठव्या दिवशी, एका रिकाम्या मैदानात, उलट्या दिशेने, तिने दहा लाख पार केले होते. राखून ठेवायला निघाली होती, आणि संपवून बसली होती.

"बाबा, चुकलं माझं."

त्यांनी काचेतून पुन्हा एकदा मीटर पाहिला.

"कोणी पाहिलं?"

"वॉचमनने."

"चल त्याच्याकडे."

तिने त्यांना गाडीत बसवून मैदानावर नेलं. वॉचमनने आपली खुर्ची पुढे केली. बाबा वॉकर बाजूला ठेवून बसले.

"कशी दिसत होती हो?"

वॉचमन विचारात पडला. "डौलात होती, साहेब. पहिले दोन दिवस मला वाटलं, ताईंचं डोकं फिरलंय. पण गाडी डौलात."

बाबांनी मान हलवली. मग मुलीला म्हणाले, "जा, फिरव."

"तुम्ही नाही बसणार?"

"एकतीस वर्षं आतच बसलोय. चालताना हिला पाहिलीच नाही कधी."

तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या हाकेला उठलं.

"रिव्हर्स घेऊ?"

"नको. समोरून येऊ दे."

ती लांबच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि सावकाश त्यांच्या दिशेने आली. मीटरकडे तिने पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीला खुर्ची रिकामी होती. बाबा वॉचमनच्या खांद्याला धरून उभे होते.