खिडकीतला कप

पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा विनिता डॉक्टरांनी दिलेला कागद हातात धरून चुलीपाशी उभी होती. पाव घ्यायला तिची सासू शेवंती बाहेर गेली. चार वर्षं ती आपला पाव आपण आणायची, आपला चहा आपण करायची. सुनेच्या हातचं तिला चालत नव्हतं. विनिताचा कप करोनात वेगळा ठेवला होता, तो अजून खिडकीत पालथाच होता.

करोनाच्या त्या मे महिन्यात विनिता तुयेच्या कारखान्यातून सर्दी घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी बरीही झाली. तिचा नवरा गुरुदास, काजूच्या बोंडांनी भरलेली पाटी एका दमात डोंगरावरून उतरवणारा गडी, सदतिसाव्या वर्षी बारा दिवसांत गेला. ‘भायरसून रोग हाडल्यान नि माज्या झिलाक खाल्ल्यान,’ असा मुलाच्या मरणाचा दोष शेवंतीने साऱ्या वाड्यावर सुनेला दिला. विनिताने ते कधी खोडलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

धडधाकट माणसं का गेली, याचा शोध घेणाऱ्यांनी इस्पितळात जपून ठेवलेलं गुरुदासचं रक्त तपासलं, मग या दोघींचंही घेतलं. काल डॉक्टरांनी विनिताला समजावून सांगितलं. अंगात विषाणू शिरल्याची पहिली वर्दी देणारं एक जनुक गुरुदासमध्ये बिघडलेलं होतं. बायकांकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. पुरुषाकडे एकच, आणि ती आईकडून येते. शेवंतीच्या रक्तात तो बिघाड सापडला होता.

येताना बसमध्ये विनिताला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला? कोरगावला उतरेपर्यंत मात्र तो विरून गेला. बोलणं तर भागच होतं. धाकटा दीर अनंत मुरगाव बंदरात कामाला होता, त्याच्यातही तेच असण्याची शक्यता निम्मी होती. आणि तो ताप आला की कसाय, म्हणजे घरचा काढा, पिऊन तसाच कामावर जाणारा.

शेवंतीने पाव ठेवले. विनिताने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, आधी अनंतचं, मग बाकीचं. म्हातारीला आपलं माहेर आठवलं.

“माजे दोन भाव असेच छातीच्या तापान गेले,” ती म्हणाली. “आवय शेजारणीक दोष दी. म्हणजे गुरुदास माज्यामुळा गेलो?”

“आई, तुमी काय जाणून दिलास? मी पण जाणून हाडूक नाय.”

शेवंती उठली. तिने अनंतला फोन लावला, आणि कसाय पुरे, येत्या रविवारी येऊन रक्त दे, असं त्याला बजावलं. विनिता कामावर गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा तिचा कप फळीवर, घरच्या इतर कपांत होता. खिडकीत शेवंतीचा स्टीलचा पेला पालथा घातलेला होता.  चार वर्षं त्या जागेवर राहून काय वाटतं, ते विनिताइतकं कोणाला ठाऊक?

तिने पेला काढून धुतला, त्यात चहा गाळला आणि सासूसमोर धरला. शेवंतीने तो घेतला. तिने तो नीट धरेपर्यंत विनिताने आपला हात काढून घेतला नाही.