दुसऱ्या ट्रॉलीची जागा

पैठण रस्ता रुंद होणार होता आणि त्यावरच्या मोठ्या चौकासाठी दोन आराखडे उरले होते. उड्डाणपूल नानासाहेबांचा, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांचा. गोल चौक माझा, नोकरीतला पहिलाच. अम्मी म्हणते, फहमिदाच्या नाकावर राग असतो. त्या महिन्यात तो खाली उतरलाच नाही. कारण साहेब प्रत्येक बैठकीत एवढंच म्हणायचे, "कागदावर सगळंच वळतं."

शेवटी मीच म्हणाले, मग जमिनीवर वळवून बघू. वळलं नाही तर माझा आराखडा मीच फाडीन. साहेब लगेच हो म्हणाले.

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने माझा चौक खऱ्या मापात आखला. याच रस्त्याने ऊस वाहणारा कडूबा उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर घेऊन आला. मला काय करू आणि काय नको असं झालं होतं. मी काढलेल्या रेघेवरून पहिल्यांदाच खरी चाकं फिरणार होती.

ट्रॅक्टर सुरेख वळला. पहिली ट्रॉलीही वळली. दुसरीने मात्र मधल्या गोलाचा चुना हातभर पुसून टाकला. साहेबांनी माझ्या आराखड्यावर फुली मारली.

कडूबा खाली उतरला, चुन्याकडं बघत म्हणाला, "म्याडम, दुसरी ट्रॉली आतूनच येती. तिला लई नाय, दोन हात जागा द्या की."

महिनाभर मी पुस्तकं चाळत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! गोल तेवढाच ठेवायचा, फक्त त्याची दोन हातांची कड उतरती आणि पक्की करायची. लहान गाड्या बाहेरून जातील, ट्रॉलीचं चाक कडेवरून. मी चपलेनेच चुना पुसला, दोन हात आत नवी रेघ ओढली. कडूबाने फेरी मारली. मग दुसरी, मग तिसरी. रेघ जशीच्या तशी. मी टाळ्या वाजवत ट्रॅक्टरमागे धावले, ओढणीचंही भान राहिलं नाही.

फक्कीची पिशवी साहेबांनी स्वतः उचलली, उड्डाणपुलाखालचं वळण आखलं आणि कडूबाला हात केला.

दुसरी ट्रॉली त्यांची रेघ पुसून गेली. आत सरकायला तिथे जागा नव्हती, पुलाचा खांब येणार होता.

साहेबांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तुमच्या आराखड्यावरची फुली खोडा," ते म्हणाले, "आणि माझ्या आराखड्यावर मारा."