मेघाचं पहिलं बाळंतपण

पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढी साधी गोष्ट. पण मीराबाईची मेघा पडली काठमांडूत, आणि रक्तदाब वाढला म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईने सांगून टाकलं, प्रवास बंद. आता घ्या! माहेर काही उचलून नेता येत नाही. तरी मीराबाईने नेता येईल तेवढं बांधलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, आणि वर एक वाकळ.

"नेपाळात रजया नाई भेटत का वं?" गुलाबरावांनी नवरेपणाने विचारलं.

"भेटते. पण त्याले माह्या हातचे टाके नसते," मीराबाई म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

गुलाबराव तलाठी म्हणून निवृत्त झालेले. सावंगीला नर्सिंग शिकताना मेघाचं तिथेच डॉक्टरकी शिकणाऱ्या सुजनशी जुळलं, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. गुलाबराव मात्र आपल्या देवळी गावभर सांगत सुटले, "बुद्धाच्या देशातला जावई भेटला, आणखी काय पायजे?" आता जाता जाता लुंबिनीही घडणार, म्हणून म्हातारा हवेत होता. दोघांना सांभाळून न्यायला मुलगा धम्मदीप सोबत येणार होता. सुजनची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. तेव्हा मेघाच्या उशाशी बसायला घरची बाई म्हणाल तर एकटी मीराबाईच.

आणि नेमकं निघायच्या तोंडावर तिकडे पेटलं. टीव्हीवर पोरं रस्त्यावर उतरलेली दिसली, गोळ्या चालल्या, दुसऱ्या दिवशी संसदेतूनच धुराचे लोट. सरकार पडलं. विमानतळ बंद, संचारबंदी, रस्त्यावर सैन्य. शेजारची कोकिळा प्रत्येक बातमी धावत येऊन सांगायची, जसं काही मीराबाईच्या घरी टीव्हीच नाही.

"गोरखपूरपर्यंत तर आपलाच देश हाय," गुलाबराव म्हणाले. "तिथं जाऊन बसू. सीमा उघडली का पाय टाकू."

"बाबा, तुमाले काही समजते का?" धम्मदीप चिडला. "तिथले लोकं जीव मुठीत घेऊन पळून राह्यले, अन् आपण आत जायचं?" मग आईकडे वळून तो हळूच म्हणाला, "तू म्हणशीन तर मी येतो. तू सांग, आई."

त्याची लहानगी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाची गुंडी चोखत होती. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिची नजर नवऱ्यावरून सासूवर आली आणि तिथेच खिळली. दोन डोळ्यांतला कोणता राखू, असं कोणी विचारलं तर माणसाने काय सांगावं?

तेवढ्यात मेघाचाच फोन आला.

"आई, टीव्ही पाह्यला ना? तुमी येऊ नका. घरमालकीण चांगली हाय, सुजन हाय. होते माह्यं बरोबर."

आवाज अगदी साधा होता. थरथरला असता तर बरं झालं असतं.

"बरं बाई," मीराबाई म्हणाली. "जपून राह्यजो."

बस्स! "खरंच का?" एवढंही तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. "मेघाच नको म्हणते," असं तिने घरात जाहीर केलं, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली. सून आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. गुलाबराव अंगणात गेले, ते जेवायलाही आले नाहीत.

मेघाला दिवस भरायच्या आतच, त्या संचारबंदीत, कळा सुरू झाल्या. सुजन जखमींवर उपचार करण्यात अडकलेला, फोन उचलत नव्हता. गाडी मिळेना. घरमालकिणीने तिचा हात धरला आणि चौकाचौकात सैनिकांना तिचं पोट दाखवत तिला पायी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या, देवळीत पेढे वाटले गेले.

पुढे तिकडे नवं सरकार बसलं, रस्ते मोकळे झाले. मीराबाईने लाडू पुन्हा ताजे केले आणि फोन लावला. "आता सारं थंडावलं वं. येतो आमी."

"या ना," मेघा म्हणाली. "बाबांले लुंबिनी दाखवून आणू."

"लुंबिनीसाठी नाई, तुह्यासाठी येतो."

पलीकडे मेघाने कुरकुरणाऱ्या लेकीला थोपटलं, मग म्हणाली,

"आई, एक विचारू? होस्टेलवर होती तवा मी म्हणत होती, डबा नको आणू. तू एसटीनं घेऊन येत होती. ताप आला, म्हणलं येऊ नको, तू रात्रभर बाकड्यावर बसली. जनमभर माह्यं एक 'नको' तू आयकलं नाई. मंग त्याच दिवशी काऊन आयकलं?"

उत्तर मीराबाईजवळ होतं. ते समोरच पाटावर बसून लहानगीला वरणभात भरवत होतं.

"राहू दे," मेघाच म्हणाली. "समजते मले. तू दादाले जपलं. आता मीबी आई हाय, मी रागावली नाई. पण रस्त्यानं चालताना मले सारखं वाटे, आई येईन. नको म्हणलं तरी येईन." तिचा आवाज आता फुटला. "मीबी तुहीच ना वं, आई?"

हो म्हणायला मीराबाईने तोंड उघडलं, आणि तिला रडूच कोसळलं. धम्मदीप खरकट्या हातानेच धावत आला, "काय झालं, आई? सांग ना, काय झालं?" म्हणून विचारत राहिला. साऱ्या जगात त्या एकालाच ते सांगता येण्यासारखं नव्हतं.