सातव्या महिन्यातला कॉम्प्युटर

कीलुंगच्या त्या गल्लीत मेलेल्या माणसांची सोय करणारं एकच दुकान होतं, श्यू काकांचं. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांतून ते बंगले करायचे, मोटारी करायच्या, अगदी पत्ते कुटायचं टेबलसुद्धा. लोक ते विकत नेऊन जाळत, म्हणजे पलीकडे गेलेल्यांना पोचे. सातवा महिना, म्हणजे गेलेल्यांनी घरी यायचा महिना, लागला की काकांना जेवायला फुरसत नसे. त्यात गेली दोन वर्षं दुकानातला कॉम्प्युटर असा रखडत होता, की बटण दाबून आंघोळ करून यावं तरी हा आपला सुरूच होतोय. यंदा काकांचा धीर सुटला आणि त्यांनी वेन-रूला बोलावलं.

वेन-रू बंदराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा चालवायची. हाताला चांगली, तोंडाला फटकळ. आल्या आल्या तिने कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलेलं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट उचलून उलटं केलं. ते पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. मात्र ते हिरवंच हवं आणि शिळं नको.

"तारीख तर टळलेली नाही," ती म्हणाली. "म्हणजे दोष खरंच आत आहे. काका, गेल्या वर्षी एकाने पिवळं ठेवलं होतं. त्याचं सगळं दुकान बंद पडलं."

"बडबड कमी कर आणि बघ," काका म्हणाले. "गिऱ्हाईक उभं असतं आणि हा डुलक्या घेतो. म्हातारा मी झालोय की हा?"

तिने खोकं उघडून धूळ झाडली, पंखा फिरवून पाहिला, डिस्क तपासली. सगळं ठणठणीत. मग बटण दाबून ती पडद्यासमोर बसली. शेजारी श्यू काकू आधीच येऊन बसल्या होत्या, हातात चहाचा पेला, देवळात बसावं तशा. पडदा उजळला आणि मधोमध एक लहानशी चौकट आली.

'आ-चंगला शोधत आहे. कृपया थांबा.'

वेन-रू खुर्चीसकट मागे सरकली. आ-चंग हा या दोघांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या रस्त्यावर स्कूटरवरून घसरला, तो गेलाच.

चौकट हलेना. काकूंच्या चहाची वाफ विरली. कितीतरी वेळाने ती आपली आपण मिटली आणि कॉम्प्युटर उघडला.

दोष सापडला होता, आणि तो दोष म्हणावा असाही नव्हता. आ-चंग वरच्या खोलीत बसून बंगल्यांची चित्रं काढायचा. ती खाली आपोआप उतरावीत म्हणून त्याने दोन्ही कॉम्प्युटर जोडले होते, आणि वरच्याला स्वतःचंच लाडकं नाव दिलं होतं. खालचा सुरू होताना आधी वरच्याला हाक मारायचा. वरचा बंद. मग हा ताटकळायचा, थकायचा आणि शेवटी एकटाच उघडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"एवढी जोडणी काढली की झालं," वेन-रू म्हणाली. "एका बोटाचं काम."

"हात लावू नकोस!" काकूंनी तिचं मनगट धरलं. "गेल्या वर्षी ह्याच महिन्यात पंधराव्या दिवशी हा एकदम उघडला होता. बटण दाबलं आणि उघडला. आ-चंग आला होता गं. म्हणून तर ह्याला लगेच सापडला. यंदाही येईल. त्याच्या आत काढशील तर तो आल्याचं मला कळणार कसं?"

वेन-रूने काकांकडे पाहिलं. ते कामटीला खळ लावत होते, खाली मान घालून, एकाच जागी.

काकू सुरणाच्या वड्या आणायला आत गेल्या तसे ते उठून जवळ आले. "वरचा मीच लावला होता त्या दिवशी," ते कुजबुजले. "त्याचे फोटो बघायला. हिला नको कळायला म्हणून गुपचूप. आणि ह्या वसंतात, ही बहिणीकडे गेली होती तेव्हा, देऊन टाकला भंगारवाल्याला. मला त्या खोलीकडे बघवेना. ही त्या खोलीत पाऊल टाकत नाही, हिला वाटतंय तो अजून चादरीखाली आहे."

"अहो काका!"

"ओरडू नकोस. पंधराव्याला ही इथे बसेल आणि हा उघडणार नाही. पोरगा आला नाही म्हणून हाय खाईल ती. तू ती जोडणी काढ, पण आदल्या दिवशी. उघडू दे एकदम. तेवढं सुख मिळू दे तिला."

वेन-रूने फार विचार केला नाही. तिलाही ते बरंच वाटलं, आईचं समाधान आणि दुकानाचं काम, दोन्ही साधत होतं. चौदाव्या दिवशी दुपारी काकू पाण्यात सोडायचे दिवे बघायला बंदरावर गेल्या. वेन-रू आली, एक बोट दाबलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. रडत होत्या आणि हसतही होत्या. "आला! आला गं माझा! बटण दाबायचा अवकाश!"

वेन-रूने हसतच फोन ठेवला. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं तिला वाटलं. एक गोष्ट मात्र ती विसरली. एकदा दुरुस्त केलेला कॉम्प्युटर रोजच दुरुस्त असतो.

आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी टेकडीवरच्या मंदिराचं दार वाजतगाजत बंद झालं. महिनाभर मोकळी फिरलेली भाऊमंडळी आपापल्या ठिकाणी परत गेली. त्यांना तिथे कोणी भुतं म्हणत नाही, रागावतात म्हणून. गावाने सुटकेचा श्वास सोडला. चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज बसलेला.

"ये गं लवकर. हिने अन्न सोडलंय."

वेन-रू गेली तेव्हा काकू कॉम्प्युटरसमोरच होत्या, पण पाठ करून. चेहरा पार उतरलेला.

"तो गेला नाही," त्या म्हणाल्या. "दार बंद झालं, सगळे गेले, आणि हा अजून घरातच. रोज वर त्याच्या दाराबाहेर भात ठेवते, रोज बटण दाबते, रोज हा लगेच उघडतो. आता तर हाकही मारत नाही. जवळ असलेल्या माणसाला कोण हाक मारतं?" त्यांनी पदर धरावा तशी वेन-रूची बाही धरली. "अडकला माझा पोर. ना इकडचा, ना तिकडचा. मी वाट बघत बसले ना, म्हणून. आईने पोराला पोचवायला जायचं नसतं म्हणून मला त्या दिवशी घरात बसवून ठेवलं. मी निरोपच दिला नाही त्याला. निरोपाशिवाय कसा जाईल?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं वेन-रूला झालं. सगळं खरं सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, आधार म्हणून काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

"मलाही येतो आवाज," ते म्हणाले. "त्याच्या खुर्चीचा. सकाळी, हा उघडला की."

जोडणी कोणी काढली, कधी काढली, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं त्या माणसाचे हे शब्द. भर दुपारी, रस्त्यावर मासेवाली ओरडत असताना, वेन-रूची पाचावर धारण बसली. खरं सांगून आता उपयोग नव्हता. खरं ज्याला माहीत होतं त्यालाच ते पुरत नव्हतं.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "वर त्याच्यासाठी भात ठेवलाय ना? तो वाडगा खाली आणा. मग आपण त्याला नीट निरोप देऊ. त्यानंतर हा सुरू करू. गेला असेल तर हा हाक मारेल आणि थांबेल. मग समजायचं."

काकू जिना चढेपर्यंत तिने काढलेली जोडणी परत घातली. आयुष्यात पहिल्यांदाच ती चांगला चाललेला कॉम्प्युटर बिघडवत होती.

काकू वाडगा घेऊन खाली आल्या. जिन्याकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी पूर्ण नाव घेऊन हाक मारली, "श्यू चंग-यी! जा बाळा. आई सांगते, जा. पलीकडे जाताना पूल आला की जपून ओलांड. माझ्यासाठी थांबू नकोस, मी येईन माझी माझी."

मग दोन वर्षं मुलाचं नाव न काढलेले काका खळीचे हात तसेच घेऊन पुढे आले.

"हळू चालव रे," ते म्हणाले. "रस्ता ओला असतो."

वेन-रूने बटण दाबलं. वरचा कॉम्प्युटर भंगारात गेलाय, हाकेला ओ द्यायला तिथे काही नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी पडदा उजळला तेव्हा तिच्या मनात आलं, एकदम उघडला तर काय करायचं?

'आ-चंगला शोधत आहे. कृपया थांबा.'

तिघंही बघत राहिली. चौकट जागची हलली नाही. वरूनही कसला आवाज आला नाही. काकूंनी हळूच खाली बसून थर्मासातला चहा पेल्यात ओतला, आणि त्या पेल्याची वाफ पार विरली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"गेला."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. काकूंनी तो वाडगा मांडीवर घेतला आणि वर ठेवलेला थंड भात त्या आपल्याच हाताने खाऊ लागल्या. किती दिवसांनी कोण जाणे, पोटभर.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. सासऱ्यांसाठी तीन मजली बंगला सांगितला होता, पावती हवी होती, घाईत होती. वेन-रू उठून जागा द्यायला लागली, तर काकूंनी तिला खाली बसवलं.

"बसा हो जरा," त्या बाईला त्या म्हणाल्या. "आमचा कॉम्प्युटर उघडायला वेळ लावतो."