उमाजीचं कपाळ

उमाजी कमी बोलायचा असं म्हणणं म्हणजे त्याचं कौतुकच झालं. तो बोलायचाच नाही. चिमूरच्या अलीकडे, जंगलाला लागून जो मोठा तलाव आहे, त्याच्या पाळीवरच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात लोक म्हणायचे, की चिखलातली मरळ हातानं धरता येईल, पण या माणसाच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याची बायको कुंता हे ऐकून गालातल्या गालात हसायची. तिला शब्दांची गरजच पडत नव्हती. तिच्याकडे त्याचं कपाळ होतं.

हे सगळं डोंग्यात सुरू झालं. जाळं टाकताना पाण्यावर बोलायचं नाही, ही मोहल्ल्याची रीत. माणसाचा आवाज ऐकला की मासोळी बुडी मारते. लग्न होऊन नवी आलेली कुंता डोंग्याच्या एका टोकाला वल्हं धरून बसायची आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. डावी भुवई वर गेली की डोंगा डावीकडे घ्यायचा. दोन्ही गेल्या की थांबायचं. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्या की वारा फिरतोय, मुकाट्यानं घरी चलायचं. पुढे ही बोली डोंग्यातून उतरून घरात आली. भाजीत मीठ कमी आहे, सासूबाईचं बोलणं मनावर घेऊ नको, आज तू छान दिसतेस, हे सगळं कुंता त्या एका कपाळावर वाचायची. आचल जन्मली त्या दिवशी तर त्याच्या कपाळावर होत्या नव्हत्या तेवढ्या साऱ्या रेघा एकदम उमटल्या होत्या. त्या वाचून कुंता पोटभर रडली होती.

तीच आचल आता चंद्रपुरात, चामडीच्या डॉक्टर रुपाली मॅडमच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. साक्षगंधाला मुलाकडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाचा मामा थेट उमाजीपुढे जाऊन म्हणाला, "आजोबा, पोरीचे बाबा कुठी आहेत?"

कुंतानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. उन्हात आणि पाण्यावर सारी हयात गेलेल्या माणसाचं तोंड दुसरं कसं दिसणार? अंगानं मात्र उमाजी अजून तिशीतल्या पोराला भारी होता. आचल हसली नाही. तिला ते लागलं.

मग एके दिवशी तिचा फोन आला. तलावाच्या पाळीवर रेंज येते ती उपकार केल्यासारखी. "आई, बाबाले पाठव. मॅडम बोटॉक्सचं शिबिर घेऊन राह्यल्या. मेहनतीची, घाम गाळणारी माणसं पाहिजे. फुकट आहे," असं आचल म्हणाली. कुंताच्या कानात ‘बोट’ तेवढं स्वच्छ पडलं. शेजारच्या गावात मागच्या साली मच्छीमारांना योजनेतून बोटी मिळाल्या होत्या. मेहनतीचा माणूस, फुकट, आणि बोट! ढिवराच्या बाईनं याचा दुसरा काय अर्थ लावावा, तुम्हीच सांगा. चामडीची डॉक्टर बोटी का वाटते, हा प्रश्न तिला पडलाच नाही असं नाही. पण मोठ्या लोकांच्या ओळखी असतात, म्हणून तिनं तो बाजूला सारला आणि शेजारच्या गिरजाबाईला बातमी दिली. चूल पेटायच्या आत सारा मोहल्ला बोटीची वाट पाहू लागला. उमाजीनं शंकेनं उजवी भुवई उचलली.

"जा मुकाट्यानं," कुंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एसटीतून उतरला, तो डोक्यावर भरली घागर असल्यासारखा, मान ताठ ठेवून. आज वाकायचं नाही, निजायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, असं मॅडमनं बजावलं होतं म्हणे. त्याच्या मागून कोणतीही बोट उतरली नाही.

"बोट कुठी आहे?"

"बोट नाई. सुई होती," उमाजी म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

"मंग टोचून कायले घेतली?"

त्याच्या दोन्ही भुवया आतल्या टोकांना वर गेल्या आणि मधे एक बारीक खळी पडली. कुंतानं वाचलं: पोरगी समोर उभी होती, कसं नाई म्हणू?

बाकीचं आचलकडून कळलं. शिबिरात जिममधले पहिलवान होते, एक कबड्डीचे मास्तर होते, सकाळ-संध्याकाळ धावणारा एक वनरक्षक होता, आणि त्यांच्यात उमाजी. मेहनतीच्या माणसाच्या तोंडावर सुरकुत्या लवकर पडतात. या सुईनं तिथलं मांस काही महिने निजून राहतं आणि चामडी सपाट होते. कुंताला हे ऐकून हसू आलं. मोहल्ल्यानंही चार दिवस उमाजीला ‘बोटवाले’ म्हणून घेतलं.

पण मग ते मांस खरंच निजायला लागलं. वारा पडल्यावर तलावाचं पाणी जसं काठाकडून मध्यापर्यंत निवत जातं, तसं उमाजीचं कपाळ निवत गेलं. आधी मधल्या दोन उभ्या रेघा गेल्या, मग आडव्या. एका पहाटे डोंग्यात कुंतानं मान वर केली, तर समोर धुकं होतं आणि धुक्यात एक देखणा, तरणा, अनोळखी माणूस जाळं घेऊन उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. डावीकडे घ्यायचं की थांबायचं, काहीच कळेना. काठ कुठे आहे तेही दिसत नव्हतं. डोंगा आपला आपण गोल फिरत राहिला आणि ती दोघं पाण्याच्या मधोमध एकमेकांकडे बघत राहिली, जणू कोणीतरी त्यांना आत्ताच तिथे आणून बसवलं होतं.

त्या दिवसापासून कुंता जागेपणीही स्वप्नात असल्यासारखी वावरू लागली. जेवताना समोर तो तरणा माणूस बसायचा. त्याला मीठ कमी झालं की जास्त, कळायचं नाही. तो रागावलाय की खूश आहे, कळायचं नाही. मोहफुलं वेचता वेचता तिचे हात मधेच थांबायचे. आचल वैशाखात सासरी जाणार. मग घरात दोघंच. आणि हा माणूस तर बोलत नाही. पुढचं आयुष्य काढायचं कोणासोबत? तिला भीती वाटली. लग्न होऊन आली तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

तिनं आचलला फोन लावला. "हे उतरते का नाई वो?"

"उतरते नं आई. मेहनत करणाऱ्याचं तर लवकर उतरते म्हणते मॅडम."

झालं. कुंतानं नवऱ्याला कामाला जुंपलं. लाकडं फोडून झाली, दुसऱ्यांची फोडून झाली, मग रोज डोंगा घेऊन तलाव आडवा-उभा पार करायचा हुकूम निघाला. पोलीस भरतीची पोरं पाळीवर धावायची, त्यांच्या मागे उमाजीही धावू लागला. घाम गाळून गाळून तो आणखीच काटक, आणखीच तरणा दिसू लागला, आणि कपाळ होतं तसंच. "उमाजीभाऊ, दुसरं लग्न करून राह्यले का?" लोक विचारायचे. उमाजीच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही.

लग्न थाटात झालं. मामांनी या वेळी बरोबर माणसाला ‘व्याही’ म्हणून मिठी मारली. पाठवणीला मात्र सारा मांडव रडला, बँडवालेसुद्धा हळवे झाले, आचल बापाच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, आणि उमाजीचं कपाळ घासलेल्या रुपयासारखं कोरं, गुळगुळीत. "बाप हाय का दगड?" गिरजाबाई पुटपुटली. कुंतानं ऐकलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे फाडून पाहिलं. त्याचं दुःख तिथेच कुठेतरी असणार, पण तिला ते सापडलं नाही. लेक गेली त्यापेक्षा तिला याचंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तलावावर गेली. पाणी कोमट होतं आणि वर पांढरट उजेड नुसता तरंगत होता. उमाजी जाळं घेऊन उभा राहिला. कुंता वल्हं धरून त्याच्या तोंडाकडे न बघता बसली. बघून काय उपयोग?

"कुंता."

ती दचकली. डोंग्यात, पाण्यावर, जाळं हातात असताना!

"कुंता, मले पोरीची याद येऊन राह्यली," उमाजी म्हणाला. आवाज चिरका निघाला, वापरात नसलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. "काल मी आतल्या आत लय रडलो वो. कोणाले दिसलंच नाई. तुले बी नाई दिसलं."

जाळ्याखालची मासोळी केव्हाच पळाली होती. कुंता जागेवरून उठली, डोंगा डुगडुगला, तिनं त्याचा हात धरला. "मले नाई दिसलं," ती म्हणाली. "चुकलं माह्यं. सांगा नं मले."

आणि त्यानं सांगितलं. त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशीही सांगितलं. आचल पहिल्यांदा पाण्यात पडली तेव्हा त्याचे पाय कसे थिजले होते, कुंता नवी आली तेव्हा तो तिला किती भ्यायचा, मामांच्या ‘आजोबा’पेक्षा तिचं हसणंच त्याला कसं जास्त लागलं होतं. यातलं कितीतरी तिनं कपाळावर कधीच वाचलं नव्हतं; आपल्याला सारं वाचता येतं हा तिचा निव्वळ गर्व होता. जाळं अर्धं रिकामं निघायचं. मोहल्ल्यातले लोक काठावरून ओरडायचे, की पाण्यावर कोण बोलून राह्यलं? कुंता डोंगा आणखी आत, कमळांच्या पलीकडे न्यायची.

मधे मधे तो थांबून विचारायचा, "हालते का वो कपाळ?"

"नाई," ती म्हणायची, आणि ते खरं असायचं.

ज्येष्ठातल्या एका सकाळी तो आपल्या मेलेल्या आईबद्दल सांगत होता. उन्हाचा पहिला कवडसा त्याच्या तोंडावर पडला आणि कुंताला दिसलं: डावी भुवई थरथरून वर गेली, आणि भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा, बारीक पण त्याच, ओळखीच्या. तो बोलता बोलता थांबला.

"हालते का वो?"

कुंता त्या रेघांकडे मन भरून बघत राहिली. स्वतःचं कपाळ हाललेलं त्याला कळलं नसेल, असं थोडंच आहे?

"नाई," ती म्हणाली. "अजून नाई. तुमी सांगा, मंग आई काय म्हणाली?"

उमाजीनं जाळं खाली ठेवलं, तिच्यासमोर बसला, आणि पुढचं सांगू लागला.