कोपरा दुमडलेली चिठ्ठी

तळ्याचा खेळ मी आजवर शंभरेक शाळांत घेतला असेल, पण वर्गात पाऊल टाकायला अशी कधी बिचकले नव्हते. चौथीचा वर्ग, तीस पोरं, आणि खिडकीशी तिसऱ्या बाकावर माझी लेक.

माझी नोकरी तळ्यांचं पाणी तपासायची. आठवड्यातले दोन दिवस साहेब मला शाळांमध्ये पाठवतात. मुलांना शिकवायला, असं ते म्हणतात. खरं म्हणजे माझ्या तोंडाला ऑफिस वैतागलंय. यादीत लेकीची शाळा दिसली तेव्हा मी तिच्या बाबाला फोन केला. आम्ही वेगळे होऊन तीन वर्षं झाली. मला नोकरी दुसऱ्या गावात मिळाली, लेक तेव्हा सहा वर्षांची. "चल माझ्याबरोबर," म्हटलं तर म्हणाली, "तू चाललीयेस. मी नाही चालले." पहिल्या वर्षी सुट्टीत आली, मग तेही बंद झालं. आता फोनवर हो, नाही, बरं, ठेवते.

"ये म्हणतेय," तिचा बाबा म्हणाला. "पण अट आहे. तू कोण ते वर्गात कुणाला कळायला नको. हाक मारायची नाही, जवळ घ्यायचं नाही."

"अट तिची की तुझी?"

"तिची. माझी असती तर तू ऐकली असतीस का?"

खरं बोलला मेला. मी कबूल झाले.

पण शाळेत जाताना बसमध्ये चिठ्ठ्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि एक लबाडी केलीच. हा खेळ मुळात जन्मला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापायचे, प्रत्येकीवर तळ्यातल्या एकेकाचं नाव लिहायचे, आणि पाच वर्षांची ही खेळून बघायची. तिला दर वेळी गोगलगायच हवी. शाळेला तयार व्हायला तासभर लावायची म्हणून मी तिला गोगा म्हणायचे, आणि बाईसाहेबांना तो मान वाटायचा. मग मी त्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायचे. "दुमडलेला कोपरा म्हणजे माझी. बाकी कुणी घ्यायची नाही," हा नियम तिनेच काढला होता. पिशवीत हात घालून चाचपायची, जीभ दातांत धरून, आणि सापडली की अशी काही चकित व्हायची की बघत राहावं. तर बसमध्ये मी गोगलगायीचा कोपरा दुमडला आणि नखाने दाबला. अट कुठे मोडत होते? हाक तर मारली नव्हती.

"या ताई आज आपल्याला तळं शिकवणार आहेत," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"नमस्ते ताई," तीस आवाज. त्यात तिचाही होता. पोटच्या पोरीने ताई म्हटलं की कसं वाटतं ते वैऱ्यालाही कळू नये. समोरचे दोन दात पूर्ण आले होते तिचे. वेण्या घट्ट घातलेल्या. तिच्या बाबाला पूर्वी बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती, शिकला म्हणायचा.

पिशवी बाकांवरून फिरायला लागली. "मी बगळा! आता सगळ्यांना खाणार!" पहिल्या बाकावरचा एक गुटगुटीत मुलगा ओरडला.

"आधी डबा पचू दे," मी म्हटलं. वर्ग हसला. ती नाही हसली.

पिशवी तिच्यापाशी आली. तिने हात घातला. चाचपायला लागली आणि जीभ दातांत आली! मग हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा. आणि मग तो हात सरकला आणि तिने दुसरीच चिठ्ठी काढली.

गोगलगाय मागच्या बाकावरच्या मुलीला गेली. ती "शी!" म्हणाली.

"तुला काय आलं गं?" बाईंनी माझ्या लेकीला विचारलं.

"गाळ."

पोरं खिदळली. मी लोकरीचा गुंडा काढला, नाहीतर एखाद्याच्या कानाखाली वाजवली असती.

सगळे गोल उभे राहिले. मी नेहमी सूर्य होते. लोकर माझ्यापासून शेवाळाकडे आणि पाणवेलींकडे, शेवाळाकडून गोगलगायीकडे, तिच्याकडून माशाकडे, माशाकडून बगळ्याकडे. "आणि मेलं की सगळं कुठे जातं? गाळात. तिथे कुजून त्याचं खत होतं आणि परत वेलींना मिळतं." बघता बघता सगळ्यात जास्त दोरे माझ्या लेकीच्या बोटांत आले. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

"ताई," बगळ्याने विचारलं, "सूर्य गाळाला दोरा का देत नाही?"

"खोल तळ्यात तिथवर ऊन पोचत नाही."

"तळं आटलं की पोचतं," माझी लेक म्हणाली.

शंभर शाळांत हे मला कुणी ऐकवलं नव्हतं. "पोचतं," मी म्हटलं. "पण मग तळंच राहत नाही. त्यापेक्षा सूर्याने आपलं रोज यावं. पोचो न पोचो."

"रोज?" तिने विचारलं.

ऑफिसातल्या चाळीस जणांना पुरून उरणारं माझं तोंड. त्यातून आज खरं तेच निघालं.

"रोज यायला हवं होतं," मी म्हणाले. "चुकलंच सूर्याचं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सूर्य चुकल्याचं पुस्तकात कुठे नसणार.

मी घाईघाईने पुढे गेले. गोगलगाई मेल्या, सोड दोरा. शेवाळ खायला कुणी नाही, ते पानांवर चढलं, वेलींना ऊन मिळेना, त्या कुजल्या. माशांना लपायला जागा नाही. ज्याचा दोरा सैल पडेल त्याने खाली बसायचं.

"मी काय केलं?" बगळा बसता बसता कुरकुरला.

शेवटी उभ्या राहिलो आम्ही दोघी. मधे फरशीवर लोकरीचा पसारा. माझ्या हातातला दोरा लोळत होता, तिने मात्र तिचे सगळे मुठीत घट्ट धरलेले.

"सोड गं, संपला खेळ," बाई म्हणाल्या. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळ्यांबरोबर तीही टेबलावर चिठ्ठी टाकून पळाली. मागे वळून बघितलं नाही. हाक ओठांवर आली होती, गिळली. अट म्हणजे अट.

पोरं चिठ्ठ्या खिशात घालून नेतात, म्हणून मी दर वेळी मोजते. तीस भरल्या. गोगलगायीचा कोपरा बोटाने सरळ करत बसले. बरी अद्दल घडली, म्हटलं. तीन वर्षांनी उगवायचं आणि एका कोपऱ्यावर लेक परत मागायची!

चिठ्ठ्या एकावर एक रचताना बोटाला आणखी एक कोपरा लागला.

गाळ. नीट दुमडलेला आणि नखाने दाबलेला. बसमध्ये मी एकच चिठ्ठी दुमडली होती.

"काय झालं ताई?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. लोकर गेली डोळ्यात."

"लोकर?" त्या जवळ आल्या. "ही चिठ्ठी खराब झाली का? नवी लिहून देऊ?"

सुट्टीनंतर पाचवीचा वर्ग होता, आणि गाळाशिवाय तळं होत नाही.

"द्या लिहून," मी म्हटलं आणि ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. "ही दुसऱ्या कुणाला देता यायची नाही. ही एकीची आहे."