भावाविरुद्ध झोन

रिमविदासने बचावाच्या यादीत माऊसचा बाण 'मॅन-टू-मॅन'वरून खाली सरकवला, 'झोन'वर आणला आणि तिथेच धरून ठेवला. क्लिक मात्र केलं नाही. स्वयंपाकघरातला किसणीचा आवाज थांबला आणि त्याची बायको आल्दोना बटाट्याने चिकट झालेले हात तसेच घेऊन दारात आली.

"अजून ठरत नाही तुझं?"

"सामना संध्याकाळी आहे."

"जेवल्यापासून त्या दोन ओळींकडे बघत बसलायस. पडद्यावरच्या पोरांची एवढी काळजी. माझा गुडघा दुखतो, त्याची कधी चौकशी केलीस?"

पोरं पडद्यावरचीच होती. त्यांची नावं, उंची, वय, सगळं संगणकाने ठरवलेलं. बास्केटबॉलच्या या संगणकी खेळात माणसाने फक्त संघ निवडायचा, चढाई कशी आणि बचाव कसा ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सामना यंत्रच खेळून घेतं. इतकी वर्षं हा खेळ खेळताना रिमविदासने बचावाची दुसरी ओळ कधी निवडलीच नव्हती.

त्याला कारण त्याचे वडील. लिथुआनियातल्या उतेना गावच्या याच घरामागच्या अंगणात लाकडांच्या कोठीवर त्यांनी बास्केट ठोकली होती. दोघं भाऊ दमले की बास्केटखाली नुसते उभे राहून चेंडूची वाट बघायचे. मग पायरीवरून वडिलांचा आवाज यायचा, "जागा कसली राखताय? जागा कुठे पळून जात नाही. माणूस धरा, माणूस." झोन, म्हणजे माणूस सोडून जागा राखणं, हा आळशांचा खेळ, हे त्या घरात इतकं पक्कं होतं की तो शब्दसुद्धा कुणी काढत नसे.

आज समोर धाकटा भाऊ होता, वितेनिस. त्याच्या संघाचं नावच 'मागचं अंगण'. हंगामाचा हा शेवटचा सामना. रिमविदासचा संघ यादीच्या मध्यावर निवांत बसला होता. हरला काय, जिंकला काय, त्याला सारखंच. वितेनिस हरला तर मात्र खालच्या गटात जाणार, आणि मग दोघा भावांचे सामने संपले.

आणि त्या सामन्यांखेरीज दोघांत उरलं होतं काय? वितेनिस नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात गेला तेव्हा फोनवर हवापाण्याखेरीज बोलायला काहीतरी असावं म्हणून दोघांनी हे संघ घेतले होते. तासन् तास एकमेकांची टर उडवायचे. मग आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. रिमविदासने तिला वृद्धाश्रमात ठेवलं आणि बर्फ वितळायच्या आत ती तिथेच गेली. वितेनिस आला, कबरीत वाळूची मूठ टाकली आणि मर्तिकाच्या जेवणाला न बसता तसाच विमानतळावर निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "घर सांभाळलंस तू. आई नाही."

त्याला चार वर्षं झाली. बोलणं बंद, सामने चालू. भावाने एखादा नवा पोरगा खेळवला की रिमविदास समजायचा, स्वारी खुशीत आहे. आठवडेच्या आठवडे तेच पाचजण दिसले की कारखान्यात कामाचा रगाडा असणार.

"वितेनिस आहे का आज?" आल्दोनाने विचारलं. आता आवाजात टोमणा नव्हता.

"हं."

"मग पडतं घे की एकदा. तुझं काय जातंय?"

"तेच करतोय. पण त्याला कळता कामा नये."

चांगले खेळाडू बसवून ठेवले असते तर लगेच लक्षात आलं असतं. झोनचं तसं नव्हतं. वितेनिसची पोरं लांबून चेंडू टाकणारी. झोन बास्केटखाली गोळा होतो आणि बाहेरच्यांना मोकळं सोडतो. निवडताना चूक कुणाचीही होते. थोरल्याला म्हातारपणी काहीतरी नवं सुचलं, असंच वाटलं असतं.

त्याने क्लिक केलं आणि उगाच खिडकीतून कोठीकडे पाहिलं. बास्केट केव्हाच गळून पडली होती. गंजलेले खिळे तेवढे होते.

संध्याकाळी किसलेल्या बटाट्याचं भाजलेलं कुगेलिस खाऊन त्याने निकाल उघडला. तो जिंकला होता, तीस गुणांनी. आधी त्याला वाटलं, आकडे उलटे वाचले. मग त्याने सामन्याची हकिगत उघडली. हंगामभर लांबून मारा करणाऱ्या वितेनिसच्या पोरांनी बाहेरून जवळजवळ एकही चेंडू टाकला नव्हता. प्रत्येक चेंडू आत, बास्केटखालच्या गर्दीत, जिथे रिमविदासचे पाचही जण वाटच बघत होते.

खाली निरोप होता. चार वर्षांतला पहिला.

"बाबा असते तर कान पिळला असता तुझा. झोन? माझ्यावर? तू कीव करणार, आणि तीही अशीच, हे मला आधीच माहीत होतं. म्हणून सगळे चेंडू आत घातले. तुझ्या मेहेरबानीवर मला वर राहायचं नाही, रिमास."

शब्द लागले. पण शेवटी 'रिमास' होतं, घरातलं नाव. आणि भावाला तो इतका अंतर्बाह्य ठाऊक होता. रिमविदासला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत आनंदही झाला. रागावतोय म्हणजे बोलतोय.

दुसऱ्या दिवशी तो आल्दोनाबरोबर दफनभूमीत गेला. मृतांचा दिवस जवळ आला होता, आईच्या कबरीवरची पानं झाडायची होती. झाडताना तो उत्तराची जुळवाजुळव करत होता. लांबलचक खुलासे मनात रचले आणि टाकून दिले. घरी येऊन एवढंच लिहिलं: "चुकलो. आईजवळ तुझ्या वाटची मेणबत्तीही लावू का?"

निरोप जाईना. त्याने पुन्हा बटण दाबलं. मग त्याचं लक्ष वर गेलं. 'मागचं अंगण'च्या खाली वितेनिसचं नाव असायचं, तिथे आता 'मालक नाही' असं होतं. पोरं सगळी जागच्या जागी होती. यापुढे त्यांचा बचावही यंत्रच ठरवणार होतं.

आल्दोनाने त्याच्या खांद्यावरून वाचलं. तिने त्याचा फोन आणून समोर ठेवला.

"नंबर आहे ना?"

"जुना आहे. बदलला असेल."

"बघ तरी."

"नाही उचलला तर?"

"तर परत लाव. इथे बसून आता कुणाची वाट बघणार आहेस?"

फोन घेऊन तो मागच्या अंगणात गेला. सवयीने कोठीच्या वळचणीखाली उभा राहिला, मग तिथून पुढे झाला, ओल्या पानांत. नंबर लावला. बऱ्याच वेळाने आल्दोनाने खिडकी उघडली.

"लागला का?"

"वाजतोय," तो म्हणाला.

घंटी आपोआप थांबली. त्याने पुन्हा लावला.